आजीला सोबत घेऊन या म्हणणारा वरच्या अन्नाचा क्लास (कोथरूड)

कोथरूडला वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक डाएटिशियन मॅडम स्वतःच्या घरीच बाळांच्या वरच्या अन्नाचा क्लास घेतात, त्याबद्दल लिहितेय. सकाळचे तीन तास, फी ७०० रुपये आणि त्यातच घरातलं अजून एक माणूस आणायचं, शक्यतो आजी. माझ्या मते तर ७०० रुपये याच एका गोष्टीसाठी वसूल आहेत.

कारण बाळाने काय खायचं हे आई एकटी ठरवतच नाही ना. डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको, पण घरात चौथ्या महिन्यातच "वरणाचं पाणी दे की थोडं" सुरू होतं, गुटीत मध असतो, सोसायटीच्या बागेत कुणीतरी "आमचा दोन वाट्या भात संपवतो" सांगतं आणि रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी बाळाच्या ताटातला ॲव्होकाडो दिसतो, मग आपला मऊ भात वरण तूप एकदम कमी वाटायला लागतो. नवीन आई सगळ्यांचं ऐकते, थकलेली असते, झोप झालेली नसते, तिला दोष कसा देणार.

मॅडम आधी आज्यांना बोलू देतात, हे मला फार आवडलं. माझ्या सासूबाई नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळतात, तर त्यांनाच पुढे बोलावून सगळं सांगायला लावलं. मग दोन पातेल्यांत सारखंच पीठ आणि सारखंच पाणी घेऊन पेज शिजवली, एकात साधं पीठ, दुसऱ्यात मोडाचं. साधी पेज घट्ट होऊन चमच्याला चिकटून बसली, मोडाची मात्र सहज ओतता येईल अशी राहिली. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते पेज तापत असताना पिठातला स्टार्च तोडतं, म्हणून मोडाचं पीठ जास्त घातलं तरी बाळाला गिळता येतं आणि इवल्याशा पोटात तेवढ्याच वाटीतून जास्त ताकद जाते. सासूबाईंचा चेहरा त्यावेळी बघण्यासारखा होता, इतक्या वर्षांच्या कामाला कुणीतरी कारण दिलं.

आणि एकदा असा मान दिल्यावर मग मधाचा विषय निघाला. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणसुद्धा नाही, त्यात बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते बाळाच्या आतड्यात वाढू शकतात. एक आजी म्हणाल्या, "आम्ही सगळ्या पोरांना दिला, काही झालं नाही हो." मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे आजी, क्वचितच होतं, पण झालं तर श्वासावर येतं." पुढे कुणी वाद घातला नाही. हेच मी घरी बोलले असते तर दोन दिवस अबोला.

"वाळलाय गं" या शब्दावर पण छान वेळ दिला. जन्माचं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन अडीच किलो वाढतं, म्हणजे चालायला लागलेलं पोर बारीक दिसणारच. शेजारच्या बाळाकडे न बघता आपल्याच बाळाची ग्रोथ चार्टवरची रेष बघा, रेष वर जातेय ना, मग जबरदस्तीने कोंबू नका. पाकिटातल्या सीरियलबद्दल विचारलं तेव्हा कळलं की १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये अजून कडक केला, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा पदार्थांची जाहिरातच करता येत नाही. मग रील्समध्ये ते डबे हातात धरून दाखवतात ते काय चाललंय?

आता कमी काय ते पण सांगते. बॅच फक्त गुरुवारी सकाळी, त्यामुळे बाबा एकही नाही, नोकरी करणाऱ्या आयांना सुट्टी टाकावी लागते. आणि आमच्याकडे दुपारचं जेवण भरवतात त्या सांभाळणाऱ्या ताई, त्यांचा विचारच नाही. बाळ गप्प बसावं म्हणून हातात बिस्कीट देणं हे बऱ्याच घरांत दुपारी होतं, आणि मग आईने आणि आजीने काहीही ठरवलं तरी उपयोग काय? अंड्याबद्दलही घाईघाईत उरकलं. सहा महिन्यांनंतर नीट शिजवलेलं अंडं चालतं एवढंच सांगितलं, पण अंडं न खाणाऱ्या घरात लोह कुठून भागवायचं हे नीट समजवायला हवं होतं, तिथे निम्म्या बायका तरी शाकाहारी होत्या. पार्किंग नाही, रिक्षाने किंवा मेट्रोने जा.

तरी पाचपैकी साडेचार. बाळ पाच महिन्यांचं झालं की जा, उष्टावणाच्या आधी, म्हणजे आजीशी सगळं आधीच बोलून होतं. रविवारची बॅच सुरू करा आणि ताईंना पण त्याच फीमध्ये येऊ द्या असं मी मॅडमना सांगून आलेय, त्या बघते म्हणाल्यात. तुम्ही जाल तेव्हा तुम्हीपण सांगा.