बालीच्या सहलीत आमचे १३,५८,२८० रुपये गेले

अकरा जणींचे मिळून तेरा लाख अठ्ठावन्न हजार दोनशे ऐंशी रुपये फसवणुकीत गेले, आणि ते सगळे माझ्या खात्यातून गेले. म्हणून हे मीच लिहायला हवं. "तुम्ही बँकेत नोकरी केलेल्या, तुम्हाला कसं कळलं नाही?" हे इतक्या जणांनी विचारलंय की आता कोणाकडे जायलाही नको वाटतं.

आम्ही पुण्यात तळजाई टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या. वयं ५२ ते ६७. एकीने नऊ वर्षं अंथरुणावरच्या सासूबाईंचं सगळं केलं, त्या जानेवारीत गेल्या. एकीची केमो नुकती संपली होती. आमच्यातल्या ज्या परदेशी जाऊन आल्या होत्या, त्या सुनेच्या नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला. फक्त स्वतःसाठी कोणीच कुठे गेलेली नव्हती. बालीला जायचं ठरलं ते त्यामुळे. ती हौस होती, हाव नव्हती. स्वस्तात मिळतंय म्हणून आम्ही भुललो, असं जे म्हणतात त्यांना दर सांगते: माणशी १,१२,००० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी ५,६००, वर तेव्हाच्या दराने पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, ५,८८०. एकूण १,२३,४८०. याला स्वस्त म्हणत नाहीत.

आम्हाला फसवणारी ती बाई चाळिशीची, गोड बोलणारी. फक्त बायकांच्या 'आरोग्य सहली' काढते म्हणाली. मार्चमध्ये तिने आम्हाला दोन दिवस वाई-पाचगणीला नेलं, माणशी ४,८०० रुपयांत. स्वच्छ खोल्या, वेळेवर गाडी, आमच्यातल्या मधुमेहवालीसाठी वेगळा डबासुद्धा. विश्वास बसला तो तिथे. म्हणून सांगते, लहान सहल चोख झाली म्हणजे मोठीही होईल असं धरू नका. ती लहान सहल तेवढ्यासाठीच असते.

मग ठरलं बालीतल्या उबुदला सात रात्री, सकाळी योग, भातखाचरांतून फेरफटका, रोज मसाज, तीर्थ एंपुल मंदिरातल्या कुंडात स्नान. १२ मेला प्रत्येकी २५,००० भरले, २० जूनला ६०,०००. भिशीचा हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून सगळ्यांचे पैसे माझ्याकडे जमायचे आणि मी एकरकमी पाठवायचे. मी डोळे मिटून पाठवले नाहीत. जंगली महाराज रस्त्यावरचं तिचं ऑफिस मी स्वतः बघून आले होते. पावतीवर जीएसटी नंबर होता. ऑफिस तासाच्या भाड्याने मिळणारं होतं आणि नंबर भलत्याच फर्मचा होता, हे नंतर कळलं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की दोन मिनिटांत नाव दिसतं. मी तो टाकला नाही.

आता १ सप्टेंबरचं सांगते. त्या दिवसाची मला रोज आठवण येते. गौरी जेवणाचा दिवस. घरात वीस माणसं, मी पुरण वाटत होते. साडेअकराला तिचा फोन: "काकू, तिकिटं आली, पण उरलेले आज दोनच्या आत भरावे लागतील, नाहीतर भाडं वाढेल." पाठोपाठ दोन पीएनआर आले, एक सहा जणींचा, एक पाच जणींचा. मी भाचीला विमान कंपनीच्या साइटवर टाकायला सांगितले, आमची नावं दिसली. मग नवा खाते नंबर आला. कंपनीचं खातं ऑडिटमुळे दोन दिवस बंद आहे म्हणे.

हात पुसून मी मोबाइल घेतला. नंबर टाकल्यावर बँकेच्या ॲपने खातेदाराचं नाव दाखवलं. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी करताना हे नाव दिसतं, आणि ते नेमकं यासाठीच आहे. तिथे कोणा पुरुषाचं नाव होतं. कंपनीचं नाही, तिचंही नाही. मी थांबले. तिला फोन करून विचारलंसुद्धा. "आमच्या अकाउंटंटचं आहे हो काकू, तुम्ही नुसत्या बॅगा भरा." बाहेरून जाऊबाई पानं वाढायची का म्हणून हाक मारत होत्या. मी ४,२३,२८० रुपये पाठवून दिले.

ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चेकवरची नावं ताडून पाहिली.

विमान ९ ऑक्टोबरला रात्री मुंबईहून होतं. ७ तारखेला भाची वेब चेक-इन करायला बसली, तर दोन्ही पीएनआर निघेनात. विमान कंपनीला फोन केला. बुकिंग नुसतं होल्डवर ठेवलं होतं, पैसे न भरल्याने तिसऱ्या दिवशीच रद्द झालं होतं. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, हे लिहून ठेवा. आमच्या विमानाच्या तिकिटावर तेरा आकडी तिकीट नंबर असायला हवा होता, आमच्या कागदावर तो नव्हताच. बाईचा फोन बंद. केमो झालेली मैत्रीण संध्याकाळी घरी आली ती डॉक्टरांचं पत्र आणि नवी निळी सॅक घेऊन. सॅकवर १,८४९ चा टॅग तसाच होता. मी काय सांगितलं ते आठवत नाही.

त्या रात्री १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार घेतली, पण म्हणाले, पैसे जाऊन महिना झालाय, खात्यात आता काय राहिलं असणार. फसवणूक कळताक्षणी १९३० लावा, नातेवाइकांना नंतर सांगा.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला आहे." मग, ऑफिस दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे गेलो तर, तुम्ही राहता तिथे द्या. हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही. एका साहेबांनी विचारलं, "या वयात बालीला कशाला? मिस्टर सोबत नव्हते?" आमच्यातल्या तिघी विधवा आहेत. आर्थिक गुन्हे शाखेत गेलो, त्यांनी पुन्हा ठाण्यात पाठवलं. चार वेळा अर्ज झेरॉक्स करून दिला, दोनदा पोचसुद्धा मिळाली नाही. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. तेविसाव्या दिवशी भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) या फसवणुकीच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला, तोही एकीच्या वकील जावयाने लेखी पाठपुरावा केल्यावर.

बँकेचं तर सांगूच नका. त्या खातेदाराचा पत्ता मागितला, तर गोपनीयता. माझ्या चार लाखांना कसली गोपनीयता मिळाली? जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, एवढं एक बरं. पण नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आली.

आमच्याकडून वसूल केलेला टीसीएस एकीच्याही २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकराच्या फॉर्ममध्ये, नाही. मे-जूनमध्ये भरलेला टीसीएस सप्टेंबरपर्यंत तिथे दिसायला हवा होता. शेवटचा हप्ता देण्याआधी तुमचा फॉर्म उघडून बघा. अकरा जणींची पॅन, आधार आणि पासपोर्टची प्रतही तिच्याकडे आहे. आम्ही सगळ्यांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय. व्हिसासाठी मूळ पासपोर्टही मागत होती. भारतीयांना बालीचा व्हिसा तिथल्या विमानतळावर पाच लाख इंडोनेशियन रुपियाला मिळतो, मूळ पासपोर्ट कोणाला द्यावा लागत नाही. मूळ पासपोर्ट तेवढे मी दिले नाहीत.

आमच्यातली जी पेन्शनशिवाय आहे, तिचे शेवटच्या हप्त्याचे ३८,४८० मी माझी एफडी मोडून परत केले. ती नको म्हणत होती. बाकीच्या नऊ जणी माझ्यावर रागावलेल्या नाहीत असं म्हणतात, पण तळजाईवर आता आम्ही चार-पाच जणीच असतो.

मार्च ते सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोणाला अशीच वाई-पाचगणी करून मग बाली दाखवली असेल, तर लाजून घरी बसू नका. पावत्या घेऊन आपापल्या ठाण्यात जा. तपास अधिकारी मला म्हणाले, एकच तक्रार आहे.