काळ्या मातीत फोर बाय फोर पिकअप: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

इसुझू व्ही-क्रॉस घेतली ती संत्र्याच्या बागेसाठी. घर नागपुरात, बाग काटोल तालुक्यात, आणि डांबर सुटलं की पुढची पांदण पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय कोणाला जुमानत नाही. आता एक अख्खा पावसाळा आणि त्याच्या पुढचा उन्हाळा काढून झाला म्हणून लिहून राहिलो, कारण नवीन गाडीचे रिव्ह्यू भरपूर सापडतात, पण आपल्या काळ्या मातीत महिनोन्महिने चालवल्यावर तिच्यामागे काय काय करावं लागते ते कोणी सांगत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. 1.9 लिटर डिझेल, 163 पीएस, 360 एनएम, मागच्या डाल्यात संत्र्याचे कॅरेट भरून कळमना मार्केटला आणताना ताकद कमी पडली असं कधी वाटलं नाही. हायवेला बारा-तेराचं ॲव्हरेज, शहरात नऊ-दहा. रिकामी असली की मागून उडते, ते मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या कोणत्याही पिकअपचं आहे, पाटे वजनासाठी बनवलेले असतात, दोन-चार क्विंटल माल टाकला की गाडी शांत होते. इतवारी-महालच्या गल्ल्यांत मात्र नेऊच नका, सव्वापाच मीटरच्या वर लांबी आहे, वळवता वळवता घाम निघते.

आता खरी गोष्ट, फोर बाय फोरची. ही पार्ट-टाइम सिस्टिम आहे, म्हणजे 4एच (चारही चाकांना ताकद) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकाले बांधला जाते, मधात वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, चिखलात तो फरक घसरून निघून जाते, पण कोरड्या डांबरावर निघायले जागाच नाही, मग स्टिअरिंग जड होते, गाडी अडकल्यासारखी वागते आणि सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर (जोडावर) आणि गिअरवर येते. म्हणून पांदण संपली, डांबर लागलं की पहिले 2एच (फक्त मागच्या चाकांना ताकद). 4एल (चारही चाकं, लो गिअर) साठी गाडी पूर्ण उभी करायची, क्लच दाबायचा, न्यूट्रल, मग नॉब फिरवायचा आणि लाइट स्थिर होईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. खोल चिखलात मी ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवतो, नाहीतर चाक फिरलं रे फिरलं की ते इंजिनची ताकद कापते आणि गाडी मधातच बसते.

पण भाऊ, आपल्या मातीत फोर बाय फोरपेक्षा टायर मोठा. रेतीत, मुरुमात ऑल-टेरेन टायर झकास चालते, काळ्या मातीत मात्र दोन फेऱ्यांत खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होते, मग चारही चाकं फिरत असली तरी गाडी धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, सरकत जाते. हवा बावीसच्या आसपास आणली की टायर पसरते आणि पकड येते, फक्त डाला भरलेला असताना असं करू नका. आणि परत हवा भरल्याशिवाय मोठ्या रस्त्याले लागायचंच नाही. कमी हवेच्या टायरची बाजू सारखी दुमडते, तापते, त्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि खाली समृद्धीचं काँक्रीट, टायर फुटायला अजून काय पाहिजे? बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर घ्या, त्यात पैसे वाचवू नका.

गाडी फसलीच तर ट्रॅक्टरवाला येते आणि साखळी बम्परले अडकवायले पाहते. कितीही घाई असो, नाही म्हणा. चेसिसच्या हुकालाच पट्टा लावा आणि आजूबाजूच्या पोरांना लांब उभं करा, तुटलेली साखळी माणूस मारू शकते.

मेंटेनन्सचा अर्धा हिशोब धुण्यात आहे. ओली माती मडगार्डच्या आत, चेसिसवर, पाट्यांच्या मधात बसते आणि वाळली की सिमेंट होते, रिमच्या आतून चिकटलेली राहिली तर 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि आपण उगाच अलाइनमेंट करत बसतो. मी त्याच दिवशी ओली असतानाच खालून धुतो. रेडिएटरवर मात्र प्रेशर मारू नका, पंख दुमडतात, गवताचं बी आणि कचरा साध्या पाण्यानं इंजिनकडून बाहेरच्या बाजूले काढा. मागे ड्रम ब्रेक आहेत, आत गाळ राहिला की लाइनर लवकर जातात.

नाल्याच्या पाण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. चालून चालून ॲक्सल गरम झालेला असते, थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. हवा आत घ्यायले वरती ब्रीदर असते, तो चिखलानं बंद असेल तर मग सीलमधून पाणी ओढलं जाते. पावसाळ्यात बाहेरच्या एका गॅरेजवाल्यानं डिफरन्शियलचं ऑइल "चालते, चालते" म्हणून न पाहताच गाडी दिली होती, मी स्वतः प्लग उघडून पाहिलं तर ऑइल दुधाळ झालेलं. तसं दिसलं की लगेच बदला, ब्रीदर साफ करा, शाफ्टच्या निपलमध्ये नवीन ग्रीस जाऊन जुनं बाहेर येईपर्यंत मारा. पाट्यांचे यू-बोल्टही टाईट करून घ्या. आणि वाहत्या पुरात गाडी घालायचीच नाही, फोर बाय फोर असली म्हणून पाणी काही तिले ओळखत नाही.

उन्हाळ्यात दुश्मन धूळ. पांदणीवरून समोर ट्रॅक्टर असला की एअर फिल्टर पार भरून जाते. कंपनीच्या किलोमीटरची वाट न पाहता उघडून पाहा, हवा मारायची तर आतून बाहेर आणि हलकी, आणि रबराचं सील नीट बसलं का ते बोट फिरवून पाहा. डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) पण तसंच, फक्त शहरात चालवाल तर काजळी साठत जाते, अधूनमधून हायवेला एका दमात चालवली तर ती जळून जाते. काजळी जळत असताना मधातच गाडी बंद करायची सवय असली की न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर खुश होऊ नका, ऑइल बदला. आणि काजळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापते, अशा वेळी वाळलेल्या गवतावर किंवा कुटाराच्या ढिगाजवळ गाडी उभी करू नका, एप्रिलमध्ये तर अजिबातच नाही.

मिरगाच्या आधी आता टायर बदलून राहिलो. रुंद खाचांचे मड-टेरेन घेणार, डांबरावर आवाज करतील, ॲव्हरेज थोडं पडेल, ब्रेकलाही अंतर जास्त ठेवावं लागेल हे धरूनच चाललो. ज्यांचं सगळं चालणं वर्धा रोडवर आणि महिन्यातून एकदा पेंचला असेल त्यांनी ऑल-टेरेनच ठेवा, मड-टेरेनचा खर्च करू नका.