सिम लीगचं हॉल ऑफ फेम: सूत्र की मतदान?

बास्केटबॉलची सिम लीग, म्हणजे संगणकावर काल्पनिक खेळाडूंची खेळवलेली लीग, चालवणाऱ्याला हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचा, प्रश्न साधारण दहाव्या-बाराव्या सीझनला पडतो. पहिल्या ड्राफ्टमधली (संघांनी नवे खेळाडू निवडले त्यातली) मंडळी निवृत्त व्हायला लागतात. कोणीतरी सहज विचारतं, "याला हॉलमध्ये घ्यायचं ना?" आणि कमिशनरच्या, म्हणजे लीग चालवणाऱ्याच्या, लक्षात येतं की हॉलचं दार कोणी उघडायचं हेच अजून ठरलेलं नाही. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, आकडे आहेत ना, सूत्र लावा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, सगळ्या जीएमनी (एकेक संघ चालवणाऱ्यांनी) मत द्यावं. मी दोन्ही करून बघितलंय. आधी सूत्र, मग मतदान, आणि मध्ये थोडे दिवस दोन्हींची खिचडी. त्यामुळे खालचं सगळं अनुभवातून आलेलं आहे, ते सिद्ध करून दाखवता येणार नाही.

सूत्राची बाजू आधी घेतो, कारण ती पटकन पटते. कष्ट शून्य. बास्केटबॉल जीएम या ब्राउझरवरच्या गेममध्ये तर खेळाडू निवृत्त झाला की त्याच क्षणी निकाल लागतो. त्याचा कोड कोणालाही वाचता येतो. मी वाचला त्या आवृत्तीत हिशेब असा होता: कारकिर्दीत खेळाडूने मिळवून दिलेल्या विजयांची अंदाजे बेरीज घ्यायची, त्यात त्याच्या सर्वोत्तम पाच सीझनची बेरीज पुन्हा मिळवायची, त्यातून 50 वजा करायचे, आणि उत्तर 100 च्या वर गेलं तर माणूस आत. लीग सुरू होतानाच ज्यांचं वय झालेलं असतं त्यांना थोडी सवलतही आहे, कारण त्यांची आधीची वर्षं गेमने कधी खेळलेलीच नसतात. ही शेवटची गोष्ट मला फार आवडली. लिहिणाऱ्याने विचार केलाय हे दिसतं.

पाच सीझन दोनदा मोजण्यामागचा हेतू उघड आहे. नुसती बेरीज घेतली तर सोळा वर्षं बेताचं खेळणारा पुढे जातो आणि चार वर्षं लीग हलवून सोडणारा मागे राहतो. बेसबॉलमध्ये जे जॅफे यांचा जॉज हा निकष हेच करतो: कारकिर्दीचं एकूण वॉर (खेळाडूने मिळवून दिलेल्या जास्तीच्या विजयांचा अंदाज) आणि सर्वोत्तम सात वर्षांचं वॉर, दोन्हींची सरासरी. खऱ्या एनबीएकडे बघितलं तरी हा पेच दिसतो. टॉम चेंबर्सने 20,000 च्या वर गुण केले आणि तो हॉलमध्ये नाही. बिल वॉल्टन नियमित मोसमातले सगळे मिळून 468 सामने खेळला आणि तो 1993 पासून आत आहे. रॉबर्ट हॉरीकडे सात विजेतेपदं आहेत, तो बाहेर. शिखर, लांबी आणि अंगठ्या (म्हणजे विजेतेपदं) यांना एका सूत्रात बसवताना कोणावर तरी अन्याय होणारच. तरी पाच सीझनची युक्ती बऱ्यापैकी चालते हे मान्य करायला हवं.

सिम लीगमध्ये खऱ्या हॉलचे दाखले मात्र जपून द्यावेत. वॉल्टनबरोबर त्याची कॉलेजची विजेतेपदंही आत गेली. ड्राझेन पेत्रोविच एनबीएत फक्त 290 सामने खेळला, तरी 2002 मध्ये त्याचा समावेश झाला, कारण त्याने युरोप गाजवला होता. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डचं ते खरं हॉल फक्त एनबीएचं नाही, अख्ख्या बास्केटबॉलचं आहे. आपल्या लीगमधला पोरगा ड्राफ्टच्या दिवशी जन्माला येतो. त्याच्या मागे काही नसतं. "वॉल्टन आत आहे ना, मग माझा सेंटर का नाही?" हा वाद मी निदान तीनदा ऐकलाय, आणि तीनही वेळा तो सेंटर वॉल्टनच्या जवळपासही नव्हता.

सूत्राची एक अडचण सगळ्यांना माहीत असते: सामने खेळवणारं गेमचं इंजिन बदललं की आकडे फुगतात किंवा आटतात. खऱ्या खेळातही तेच झालंय. 1961-62 मध्ये एनबीएचे संघ सामन्यामागे सरासरी 118.8 गुण करत होते, 2003-04 मध्ये 93.4. त्याच 1961-62 मध्ये विल्ट चेंबरलेनने 50.4 ची सरासरी राखली. सिम लीगमध्ये असा बदल व्हायला चाळीस वर्षं लागत नाहीत, एका रात्रीच्या अपडेटमध्ये होतो. पण विन शेअर्ससारखा, म्हणजे संघाचे विजय खेळाडूंत वाटून देणारा, निकष वापरला तर हे बरंचसं सावरतं, कारण तिथे संघाच्या सगळ्यांची बेरीज साधारण संघाच्या विजयांइतकी येते आणि विजय काही फुगत नाहीत. म्हणून या मुद्द्यावर मी सूत्राला नापास करणार नाही.

मी नापास केलं ते वेगळ्याच कारणाने, आणि त्यात दोष माझाच होता.

माझ्याकडे एक पॉइंट गार्ड होता. पहिल्या फेरीच्या शेवटी मिळालेला, कोणाला अपेक्षा नसताना सहा-सात वर्षं ऑल-स्टार झालेला. तेहतिसाव्या वर्षी त्याचे गुडघे गेले, म्हणजे रेटिंग गेलं. मी सूत्र चालवून बघितलं. शंभराला तीन कमी. फक्त तीन. आता सांगा, कोण थांबेल? मी त्याला आणखी एक वर्षाचा करार दिला आणि डेप्थ चार्टवर (कोणाला आधी खेळवायचं त्या यादीत) सर्वात वर ठेवला. त्या वर्षी त्याने दीड कमावला. मग आणखी एक वर्ष. त्याच्यामागे बेंचवर बावीस वर्षांचा एक गार्ड बसला होता, त्याच्याहून सरळसरळ चांगला. त्याला जागा नव्हती म्हणून मी फेब्रुवारीच्या ट्रेडच्या मुदतीआधी त्याला एका पिकवर (ड्राफ्टमधल्या एका निवडीच्या हक्कावर) देऊन टाकला. प्लेऑफ तीन सामन्यांनी हुकले. म्हातारा 100.4 वर निवृत्त झाला. हॉलची पाटी आपोआप लागली आणि मला तिच्याकडे बघवेना.

ते मी एकट्याने केलं असतं तर वेडेपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण एकदा मला दिसल्यावर ते सगळीकडे दिसायला लागलं. उंबरठा जाहीर असला की प्रत्येक जीएम त्याच्याकडे बघून मिनिटं वाटतो. हरणाऱ्या संघांत चौतीस-पस्तीस वर्षांचे फॉरवर्ड छत्तीस-छत्तीस मिनिटं खेळताना दिसतात. चांगल्या संघात तर आणखी सोपं, कारण विन शेअर्सचा बचावाचा भाग बराचसा संघाच्या बचावावर आणि मैदानावरच्या मिनिटांवर चालतो. चार दणकट बचावपटूंच्या मध्ये कोणालाही उभं करा, त्याच्या पदरात थोडं पडतंच.

इथेच खरी लीग आणि सिम लीग यांच्यातला फरक मला कळला, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही. खऱ्या खेळाडूला स्वतःची इच्छा असते. तो कोचशी भांडतो, दुखापत लपवतो, पैसे सोडून विजेत्या संघात जातो. त्याच्या आकड्यांत त्याचा स्वतःचा हात असतो. आमच्या खेळाडूला इच्छा नाही. तो किती मिनिटं खेळला, कोणाबरोबर खेळला, कधी थांबला, यातलं जवळजवळ सगळं एका माणसाने रात्री अकरा वाजता स्क्रीनसमोर बसून ठरवलेलं असतं. त्यामुळे सूत्र खेळाडूला मोजतंय असं वाटतं, पण मोजत असतं मला. आणि मी माझ्या परीक्षेचा पेपर स्वतःच लिहीत होतो.

तर मतदान. त्याचे ताप कमी नाहीत, ते आधी सांगून टाकतो. लोक मतच देत नाहीत. पहिल्या वर्षी चोवीसपैकी चौदा जणांनी दिलं, तेही दोनदा आठवण करून. जे देतात त्यांतले काही स्वतःच्या माणसालाच देतात. काही मुद्दाम देत नाहीत, कारण सात सीझनपूर्वीच्या एका ट्रेडचा राग अजून गेलेला नसतो. हे आपलंच खूळ आहे असंही नाही. बेसबॉलच्या हॉलसाठी 1936 मध्ये पहिलं मतदान झालं तेव्हा 226 मतपत्रिकांपैकी 11 जणांनी बेब रुथला मत दिलं नव्हतं. बेब रुथला! मतदार एकमुखाने कोणाला आत घेईपर्यंत 2019 साल उजाडलं, तो मारियानो रिव्हेरा. तेव्हा आपल्या लीगमध्ये तीन वेळचा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) एका मताने अडकला तर फार चिडू नये.

मतदानाचा खरा दोष मला वेगळा वाटतो: पोरके खेळाडू. सिम लीगमध्ये जीएम येतात-जातात. कोणाला नोकरी लागते, कोणाला मूल होतं, कोणी एक दिवस काही न बोलता गायब होतो. त्याच्या संघातल्या थोर खेळाडूची गोष्ट सांगायला मग कोणी उरत नाही. सामने कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसतात, बॉक्स स्कोअर तेवढा असतो. आठवण राहते ती जीएमच्या बोलण्यातून. जो जीएम रोज बडबड करतो त्याचा सहावा माणूसही (बेंचवरचा पहिला खेळाडू) सगळ्यांना तोंडपाठ असतो, आणि गेलेल्या माणसाचा रिबाउंडचा राजा तीन मतांवर अडकतो. सूत्राला हा प्रश्न येत नाही. सूत्र कोणालाच ओळखत नाही, हा त्याचा मोठा गुण.

यावर आम्ही दोन उपाय केले. एक म्हणजे वकील. ज्या उमेदवाराचा जीएम लीगमध्ये नाही, त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकून एक जण नेमायचा आणि त्याने दहा-बारा ओळींत त्याची बाजू मांडायची. सक्ती. सुरुवातीला कुरकुर झाली, पण झालं असं की माणसं जुन्या फाइली उकरायला लागली. एकाने दाखवून दिलं की त्याचा पोरका सेंटर ज्या चार फायनल हरला त्या चारही वर्षानुवर्षं जिंकत आलेल्या एकाच संघाविरुद्ध होत्या, आणि त्यांतल्या दोन मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेल्या होत्या. हे कुठल्याच बेरजेत येत नाही. दुसरा उपाय असा की, खेळाडू ज्या जीएमकडे सर्वाधिक सीझन खेळला त्याने त्याला मत द्यायचं नाही. बाजू मांडावी, मत नाही. बाकी नियम साधे ठेवले: निवृत्तीनंतर दोन सीझन थांबायचं, एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त चार नावं, आणि दिलेल्या मतांपैकी पंचाहत्तर टक्के. हा आकडा आम्ही शोधलेला नाही. बेसबॉलमध्ये तोच आहे, आणि स्प्रिंगफिल्डच्या निवड समितीतही 24 पैकी 18 मतं लागतात, म्हणजे तेवढेच. फरक इतकाच की तिथली मतं गुप्त असतात आणि आमची नावानिशी जाहीर होतात. छोट्या लीगमध्ये गुप्त मतदानाने नुसता संशय वाढतो.

मधला मार्ग, म्हणजे सूत्राने उमेदवार निवडायचे आणि मताने आत घ्यायचे, ऐकायला सर्वात शहाणा वाटतो. मलाही वाटला. दोन वेळा केला. नावासमोर आकडा छापलेला असला की वाद संपतो. 118 वाल्याला सगळी मतं, 103 वाल्याला निम्मी, 97 वाल्याला कोणी बघतही नाही. मतदार आकड्यांच्या उतरत्या क्रमाने खुणा करतात आणि तुमच्याकडे उरतं ते जास्त वेळ खाणारं सूत्र. आकडा मतपत्रिकेवरून काढला तेव्हा कुठे लोक भांडायला लागले. आकडे बघायला बंदी नाही, ज्याला हवेत त्याने जाऊन बघावेत. फक्त नावाला चिकटवायचे नाहीत.

तुम्ही काय करावं? लीग नवी असेल, जीएम अबोल असतील, किंवा तुम्ही एकटेच सगळे संघ चालवत असाल, तर सूत्र घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. एकट्याने मतदान घेण्यात तसाही अर्थ नाही. फक्त एवढं करा, शक्य असेल तर उंबरठ्याचा नेमका आकडा जाहीर करू नका. कोणीतरी कोड वाचेलच, पण निदान सगळे वाचणार नाहीत. वीसएक बोलके जीएम असतील, आणि निवडीवर दोन आठवडे डोकेफोड झालेली तुम्हाला चालत असेल, तर मी मतदानाकडे झुकेन. माझ्या लीगमध्ये तरी म्हाताऱ्यांना छत्तीस मिनिटं पळवणं त्यानंतर बरंच कमी झालं. मोजलेलं नाही, पण डेप्थ चार्ट रोज बघतो म्हणून सांगतो. पस्तीसाव्या वर्षी ओढूनताणून खेळवलेल्या सीझनकडे बघून कोणी मत देत नाही हे कळलं की तसा सीझन खेळवण्यात काही राहत नाही.

सूत्राने आत गेलेले नऊ जण आम्ही तसेच ठेवलेत, माझ्या पॉइंट गार्डसह. काढून टाकणं बरं दिसलं नसतं. मी एका पिकवर देऊन टाकलेला तो बावीस वर्षांचा गार्ड पुढच्या सीझनला मतपत्रिकेवर येतोय. त्याची जवळजवळ सगळी कारकीर्द दुसरीकडे गेली, त्यामुळे नियमाने मला त्याला मत देता येईल.