जे-45 चा आवाज, एपिफोनच्या दरात

गिब्सन या अमेरिकन कंपनीची जे-45 ही अकौस्टिक गिटार 1942 साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत 45 डॉलर होती. नावातला आकडा तिथून आला. आज मोंटाना राज्यातल्या बोझमनच्या कारखान्यात बनणारी जे-45 स्टँडर्ड अमेरिकेत 3000 डॉलरच्या आसपास जाते, आपल्याकडे दोन लाखांच्या पुढे. एपिफोन हा ब्रँड 1957 पासून गिब्सनचाच. 2020 मध्ये त्यांनी ‘इन्स्पायर्ड बाय गिब्सन’ मालिकेत काढलेली जे-45 अमेरिकेत 1000 डॉलरच्या आत मिळते. स्वस्त गिटारींमध्ये ‘क्लासिकसारखी’ म्हणून खपणाऱ्या बऱ्याच जणी नुसत्या दिसायला तशा असतात. ही ऐकायलाही बरीचशी तशी आहे, आणि त्याची कारणं लाकडात आणि मापात आहेत.

पहिलं कारण, ही पूर्ण सॉलिड, म्हणजे थर चिकटवून न केलेल्या सलग लाकडाची गिटार आहे. वरची पाटी सिट्का स्प्रूसची, पाठ आणि बाजू महोगनीच्या, कुठेही प्लाय नाही. गिब्सनच्या आजच्या जे-45 स्टँडर्डमध्येही हेच लाकूड. दुसरं कारण, उतरत्या खांद्यांचा तोच आकार. तिसरं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: तारेची वाजणारी लांबी, म्हणजे स्केल, 24.75 इंच. मार्टिन कंपनीच्या ड्रेडनॉट या मोठ्या अंगाच्या गिटारला ती 25.4 इंच असते. त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर जे-45 वर ताण सुमारे 5 टक्के कमी पडतो. तारा हाताला मऊ लागतात, खर्ज गोल येतो आणि आस, म्हणजे मागे घुमत राहणारा सूर, लवकर विरते. तो कोरडा, ठक्क आवाज गाण्याच्या मागे नेमका बसतो, कारण गायकाच्या आवाजात तो लुडबुडत नाही. एकेक सूर वेचत लांब आस हवी असणाऱ्यांनी मात्र इथे येऊच नये. त्यांचा रस्ता लांब स्केलच्या गिटारींकडे जातो.

कमी कुठे पडते? गिब्सनवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ लॅकर असतो, एपिफोनवर पॉलिशचा थर त्याहून जाड. त्यामुळे हलक्या हाताने वाजवताना गिब्सन लगेच बोलते, एपिफोनला थोडा जोर लागतो. नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, 43 मिलीमीटर रुंद, गिब्सनपेक्षा जेमतेम 0.8 ने अरुंद. जाड बोटांना तेवढंही जाणवतं. पडद्यांची पाटी रोझवूडऐवजी इंडियन लॉरेलची, म्हणजे सह्याद्रीत सर्रास दिसणारा आपला ऐनच. कोरडी पडली की ती पांढुरकी दिसते. वर्षातून एकदोनदा लिंबाच्या तेलाचं बोट फिरवलं की पुरे.

घेताना नावात फसू नका. ‘जे-45 ईसी स्टुडिओ’ या कटअवेवाल्या (मानेजवळ एक खांदा कापलेल्या) मॉडेलची फक्त वरची पाटी सॉलिड आहे, पाठ आणि बाजू प्लायच्या. किंमत कमी, आवाजही वेगळा. वरची पाटी सॉलिड आहे का हे मधल्या भोकाच्या कडेला दिसतं: लाकडाच्या वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय.

दुकानात तारांपेक्षा आधी मानेचा कोन बघा. सरळ स्टीलची पट्टी पडद्यांवर आडवी न ठेवता लांबीत ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या, म्हणजे वरच्या पाटीवर तारा अडकवलेल्या लाकडी पट्टीच्या, माथ्याला अलगद टेकलं पाहिजे. टोक ब्रिजच्या पोटात आदळत असेल आणि सॅडल (ब्रिजमधली तारा टेकतात ती पांढरी पट्टी) आधीच खाली गेलेलं असेल, तर ती गिटार परत द्या. हिची मान डव्हटेल या खाचेत अडकणाऱ्या सांध्याने चिकटवलेली आहे, ती काढून पुन्हा बसवण्याच्या खर्चात स्वस्त गिटार घेतल्याचा अर्थच उरत नाही. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. आत शिरला तर सरस सुटतोय, बहुतेक वेळा उन्हात ठेवलेल्या गाडीचा प्रताप.

आवाजातलं उरलेलं अंतर बरंचसं सेटअपने भरतं. पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्या पडद्यावर दाबा; सहाव्या-सातव्या पडद्यापाशी 0.2 मिलीमीटर फट हवी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई, एका वेळी पाव फेराच फिरवा. मग बाराव्या पडद्यावर उंची मोजा: सहावी तार 2.4, पहिली 1.8 मिलीमीटर. याहून खाली आणली तर जोरात झोडताना तारा पडद्यांवर खडखडतात. बाराव्यावर 1 मिलीमीटर उतरवायचा तर सॅडल 2 मिलीमीटर घासावं लागतं, तेही खालून आणि काटकोनात. तंबोऱ्याच्या जवारीइतकंच हे जोखमीचं काम, कारण सॅडलखाली आवाज स्पीकरकडे नेणारा फिशमन कंपनीचा सोनिकोअर पिकअप आहे. तळ जरा वाकडा झाला की स्पीकरवर एखादी तार मुकी होते आणि लोक पिकअपला शिव्या देतात.

पिकअपचा आवाज कामचलाऊ आहे. सॅडलचा दाब टिपणाऱ्या पियेझो प्रकारच्या पिकअपचा चटचटीतपणा त्यात आहेच; भोकाच्या कडेचं टोनचं चाक निम्म्यावर आणलं की सुसह्य होतो. केबल लावून ठेवली तर 9 व्होल्टची बॅटरी उतरत राहते, आणि ती बदलायला गिटारच्या पोटात हात घालावा लागतो.

तारा 0.012 ते 0.053 इंच जाडीच्या, फॉस्फर ब्रॉन्झ. 0.013 चा मीडियम सेट लावला की ताण वाढतो आणि ज्या मऊपणासाठी ही गिटार घेतली तोच जातो. कोऱ्या तारांची चमक हिला शोभत नाही. दोनतीन दिवस वाजवून मगच मत बनवा. जी तार सुरात आणताना ‘टिक्’ करून उडी मारत असेल तर दोष खुंटीचा नाही, नटच्या खाचेचा. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासा.

सॉलिड लाकूड हवेतला ओलावा पितं. आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती कुठल्या कुठे जाते: ब्रिजमागची पाटी फुगते, तारा वर चढतात. म्हणून जुलैमध्ये सॅडल घासायला बसू नका. विदर्भातल्या एप्रिलमध्ये उलटं होतं. पाटी बसते, तारा खडखडतात, पडद्यांची टोकं हाताला बोचतात. केसमध्ये नुसती सिलिका जेल टाकली तर ती लाकूड गरजेपेक्षा जास्त सुकवते. ओलावा घेणारी आणि सोडणारी, दोन्हीकडून काम करणारी पाकिटं मिळतात, ती ठेवा, आणि शंभर-दोनशे रुपये जास्त लागले तरी केसमध्ये छोटा आर्द्रतामापक असू द्या.