१४४०पी मॉनिटर आणि बजेटमधला गेमिंग पीसी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी यादी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर४-३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, आरएक्स ६७५० एक्सटी १२ जीबी ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ पॉवर सप्लाय, पुढून जाळी असलेली कॅबिनेट आणि २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलचा (म्हणजे १४४०पी), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) आयपीएस मॉनिटर. २०२५च्या सुरुवातीला हे सगळं मॉनिटर धरून ९० हजारांच्या आत बसलं. वापर रोजचा: दोन-तीन तास गेम, बाकी वेळ लिहिणं-वाचणं.

खरेदीचा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात. आधी प्रोसेसर, मग बोर्ड आणि उरलेल्या पैशांत कार्ड आणि मॉनिटर. मॉनिटर जर १४४०पी घ्यायचा असेल तर आधी तो ठरवावा, त्यावरून कार्ड, आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. १०८०पीला दर फ्रेममध्ये (पडद्यावरच्या एका चित्रात) सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, १४४०पीला ३६.९ लाख, ४केला ८३ लाख. म्हणजे १४४०पीवर कार्डाचं काम पावणेदोन पटीहून जास्त होतं, ४केवर चौपट. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून या रिझोल्यूशनला प्रोसेसरवर घातलेले जादाचे पाच हजार दिसत नाहीत आणि कार्डावर घातलेले लगेच दिसतात.

२७ इंचांवर १४४०पी म्हणजे इंचाला सुमारे १०९ पिक्सेल. २४ इंची १०८०पीला ते ९२ पडतात, २७ इंची १०८०पीला फक्त ८२. मराठी वाचणाऱ्याला हा फरक इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो, कारण रफार, अनुस्वार आणि ‘ष्ट्र’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरं कमी पिक्सेलांत एकमेकांत मिसळतात. १०९ला विंडोजचं स्केलिंग १०० टक्क्यांवर ठेवूनही लहान अक्षरं सुटी दिसतात. ३२ इंची १४४०पी घेऊ नये. तिथे पुन्हा ९२ पिक्सेल येतात, म्हणजे पैसे जास्त आणि स्पष्टता जुन्या २४ इंचीइतकीच.

कार्डाबाबत सगळ्यात महत्त्वाचा आकडा मेमरीचा. ८ जीबीची कार्डं स्वस्त पडतात आणि सरासरी फ्रेमरेटच्या (सेकंदाला किती फ्रेम) तक्त्यात वाईटही दिसत नाहीत. दुखणं सरासरीत नसतंच. १४४०पीवर टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) ‘हाय’ किंवा ‘अल्ट्रा’ केलं आणि मेमरी भरली की डेटा पीसीआय-एक्सप्रेसवरून (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गावरून) रॅममध्ये ये-जा करू लागतो. मग कॅमेरा वळवताना झटके बसतात, किंवा गेम गुपचूप धूसर टेक्श्चर दाखवतो. १२ जीबीवर नऊ महिन्यांत टेक्श्चर खाली आणायची वेळ आली नाही. सायबरपंक २०७७ हा गेम रे-ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून दाखवणं) बंद ठेवून, हाय सेटिंगवर सेकंदाला साठ-सत्तर फ्रेमच्या घरात चालतो. रे-ट्रेसिंग लावायचं असेल तर हे कार्ड घेऊच नये, या पिढीचं ते कमकुवत अंगच आहे. आज नव्याने घेणाऱ्याने १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी पाहावं. ते १६० वॉटमध्ये भागतं, ६७५० एक्सटीला २५० लागतात. त्याचं ८ जीबीचंही रूप विकलं जातं, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्यावेत.

इंटेलच्या बी५८० या आर्क कार्डाचीही १२ जीबी मेमरी मोहात पाडते. पण त्याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर जास्त पडतो आणि ५६००सारख्या सहा कोअरच्या जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं. शिवाय रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ते नीट चालतच नाही.

५६०० आणि ५६००जी ही नावं सारखी असली तरी माल वेगळा आहे. ५६००ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) आणि पीसीआय-एक्सप्रेस ४.०, तर ५६००जीला १६ एमबी आणि ३.०. ५५००चीही ५६००जीसारखीच गत. स्वतंत्र कार्ड लावणार असाल तर साधा ५६००च घ्यावा. त्याला अंतर्गत ग्राफिक्स नाही, म्हणून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली की पडदा काळाच राहतो आणि माणूस बोर्ड बिघडला असं धरून चालतो. केबल कार्डालाच लावायची.

जोडणीत चुका होतात त्या ठरलेल्या जागी. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या दोनमध्ये शेजारी-शेजारी लावल्या तर मशीन चालू होतं, पण रॅम एकाच चॅनेलवर धावते आणि गेममध्ये फ्रेम गळतात. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ३२००ची रॅम बहुतेकदा २१३३ किंवा २४००वर पडून राहते. त्याच बैठकीत ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि रिसाइझेबल बार चालू करावं आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद. सीएसएम बंद करण्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी (नव्या मांडणीची) आहे ना ते पाहावं. जुनी एमबीआर डिस्क असेल तर मशीन बूट होणार नाही.

दुसरी चूक कार्डाच्या वीजजोडणीची. कार्डाला दोन सॉकेट असले तर पॉवर सप्लायमधून दोन स्वतंत्र केबल ओढाव्यात. एकाच केबलला शेपटीसारखा दुसरा कनेक्टर असतो, तो पोचतो म्हणून वापरला जातो. २५० वॉटचं कार्ड क्षणभर त्याहून बरंच जास्त ओढतं, आणि मग भर गेममध्ये मशीन एकदम बंद पडून परत चालू होतं. दोष कार्डाला दिला जातो, असतो केबलचा.

मॉनिटर १६५ हर्ट्झचा असला तरी विंडोज अनेकदा ६०वरच सुरू करतं. सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने जाऊन रिफ्रेश रेट बदलावा लागतो. एचडीएमआय २.० असलेल्या मॉनिटरवर १४४०पीला १४४पर्यंतच मजल जाते, म्हणून डिस्प्लेपोर्ट. केबल खोक्यातली किंवा प्रमाणित वापरावी. हलक्या केबलींमध्ये विसावी पिन जोडलेली असते, तिच्यातून मॉनिटरचा ३.३ व्होल्टचा पुरवठा उलट कार्डात शिरतो आणि मशीन कधी कधी सुरूच होत नाही.

या मॉनिटरची फ्रीसिंकची (मॉनिटरचा वेग फ्रेमरेटशी जुळवणाऱ्या सोयीची) कक्षा ४८ ते १६५ आहे. फ्रेमरेटला १६०ची मर्यादा घातली की तो कक्षेच्या आत राहतो. वरच्या टोकाला आपटून व्ही-सिंकचा (फ्रेमला मॉनिटरच्या तालासाठी थांबवणाऱ्या सेटिंगचा) उशीर येत नाही आणि चित्रही फाटत नाही. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग लवकर बदलवणारी मॉनिटरची सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवावा. शेवटच्या पायरीवर हलत्या वस्तूंमागे उजळ सावली दिसते. खोक्यावरच्या ‘एचडीआर ४००’ला (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवण्याच्या दाव्याला) किंमत देऊ नये. झोननुसार मंद होणारा प्रकाश नसल्याने काळं राखाडी होतं आणि एचडीआर बंदच ठेवावं लागतं.

आता उष्णता. जाळीची कॅबिनेट, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढ्यावर एप्रिल-मेच्या दुपारीही कार्डाचं हॉटस्पॉट तापमान (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) नव्वदीच्या आसपास राहिलं. या पिढीची मर्यादा ११० अंश आहे. खरा फरक अंडरव्होल्टने, म्हणजे कार्डाचं व्होल्टेज थोडं उतरवल्याने पडला. ड्रायव्हरच्या ट्यूनिंगमध्ये १२०० मिलिव्होल्टवरून दर वेळी १० ते २०ने खाली येत ११४०पर्यंत. फ्रेम तेवढ्याच, पंख्याचा आवाज स्पष्ट कमी. प्रत्येक पायरीला जड गेम तासभर चालवून पाहावा, बेंचमार्कच्या पाच मिनिटांवर विसंबू नये. दर महिन्याला पुढच्या जाळीची धूळ काढली नाही तर पाच-सहा अंश पुन्हा चढतात.

विजेचा भाग आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉट देतो. हे मशीन मॉनिटरसह गेममध्ये ४००च्या आसपास ओढतं, म्हणजे वीज गेल्याच्या क्षणी यूपीएसही ओव्हरलोड होऊन बसतो. १००० किंवा ११०० व्हीए लागतो, तोही फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता. त्याहून मोठी गोष्ट अर्थिंगची. घरात अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्म्यापर्यंत व्होल्टेज येतं. हाताला मुंग्या येतात, एचडीएमआय जोडताना ठिणगी उडते आणि पोर्ट जातात. याला पॉवर सप्लायचा दोष समजून तो बदलू नये. इलेक्ट्रिशियन बोलावून तिसऱ्या पिनचं अर्थिंग तपासून घ्यावं आणि तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा जोड कधीच लावू नये.

एक निर्णय चुकला, तो रॅमचा. १६ जीबीवर गेम एकटा नीट चालतो, पण मागे ब्राउझर आणि व्हॉइस चॅट उघडे असले की काही नव्या गेममध्ये अडखळतं. सुरुवातीलाच १६च्या दोन स्टिक घ्यायला हव्या होत्या. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकले आणि तेव्हा वाढवणं महागात पडलं. भाव चढे असताना नव्याने बांधणाऱ्याने एसएसडी ५०० जीबीवर आणावी, रॅम ३२च ठेवावी. दुसरी एसएसडी नंतर कधीही लावता येते. मात्र अनेक बी५५० बोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट भरला की सॅटा डिस्कचे एक-दोन पोर्ट बंद होतात, ते मॅन्युअलमध्ये आधी पाहून घ्यावं.