ग्राझियानी घ्यावा की ओ'कॉनर?

संरक्षणशास्त्राच्या प्रकल्पाला 1940 चं इजिप्त-लिबियाचं वाळवंट घेतलं, की सेनापती कोणता हा प्रश्न येतोच. बहुतेकांचा हात ब्रिटिश सेनापती ओ'कॉनरकडे जातो. साहजिक आहे. हाताशी जेमतेम 36,000 माणसं, आणि दोन महिन्यांत सव्वा लाखावर इटालियन कैदी.

मी मात्र समोरचा इटालियन सेनापती ग्राझियानी घ्या म्हणेन.

मुसोलिनीने मागे तगादा लावल्यावर त्याची फौज 13 सप्टेंबरला लिबियातून इजिप्तकडे निघाली, 16 तारखेला तिथल्या सिदी बर्रानीला पोचली आणि तिथेच बसली. त्याला भित्रा म्हणून मोकळं होता येतं. पण ट्रक अपुरे, पाणी मागून आणायचं, ब्रिटिशांचं मर्सा मत्रूह अजून सुमारे 130 किमी दूर. थांबण्याचा हिशोब मला तरी पटतो. घोळ झाला तो थांबल्यानंतर. छावण्या अशा विखरून टाकल्या, की एकीवर घाला आला तर दुसरीला धावून जाता येऊ नये. निबेवा आणि सोफाफी या छावण्यांच्या मधली फट तर उघडीच राहिली.

9 डिसेंबरच्या पहाटे निबेवात न्याहारीची तयारी चालली होती. रात्रीच त्या फटीतून आलेले ब्रिटिश मातिल्डा रणगाडे वायव्येच्या बाजूने आत घुसले. तिथे सुरुंग नव्हते, कारण इटालियनांचे स्वतःचे ट्रक तिथूनच ये-जा करत. मागोमाग ब्रिटिशांकडून लढणाऱ्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ. इटालियन जनरल मालेत्ती तिथेच पडला.

आणखी एक धागा. लिबियातला प्रतिकार चिरडणारा ग्राझियानीच. त्या प्रतिकाराचा नेता उमर मुख्तार, त्याला फाशी दिली ती 16 सप्टेंबर 1931 ला. बरोबर नऊ वर्षांनी ग्राझियानीची फौज सिदी बर्रानीत होती, आणि तिच्यात लिबियन डिव्हिजन होत्या! वसाहतीच्या युद्धाचा हा पदर ओ'कॉनरच्या बाजूने पाहताना सहज निसटतो.

ओ'कॉनरकडे लिबियातली बेदा फोमची लढाई आहे: वाळवंटातून आडवाटेने तुकडी धाडून इटालियनांच्या माघारीचा रस्ता अडवणं. फक्कड डाव. पण कळीचे निर्णय त्याच्या वरच्या, मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश सरसेनापती वेव्हेलचे. ऐन यशात चौथी भारतीय डिव्हिजन सुदानकडे वळवली, नंतर फौज ग्रीसला. म्हणजे एकाच्या नावाखाली दोघांचा अभ्यास. (मराठा पलटण हवी असेल तर एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईकडे जा, मार्च 1941.)

वेळ कमी असेल तर ओ'कॉनर उरकतो, साहित्य भरपूर आहे. ग्राझियानी घेतलात, तर पहिला नकाशा त्या छावण्यांचा काढा, प्रत्येकीमधलं अंतर घालून.