भिंतीवरचं सॉकेट दिसलं नाही, ३८,६४९ रुपये गेले

"असं कसं फसलास रे?" हे मला आजवर चौदा जणांनी विचारून झालंय. त्यात माझा साडूही आहे, ज्यानं तीन वर्षांपूर्वी दामदुप्पटवाल्याला दीड लाख दिले होते. तेव्हा तुम्ही पंधरावे होऊ नका. वाचा, हसायचं तर हसा, पण पीसीचा जुना माल ऑनलाइन घेणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

मी भोसरीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. सतरा वर्षं झाली. दिवसभर दुसऱ्यांच्या मालातले दोष काढणं हेच माझं काम. अर्ध्या मिलिमीटरसाठी मी अख्खा लॉट परत पाठवलाय. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी भोळाबिळा नाही.

घरी हॉलच्या एका कोपऱ्यात माझा सेटअप आहे. सुताराकडून करून घेतलेलं पाच फुटी टेबल, २७ इंची मॉनिटर, एका बाजूला काच असलेलं पीसीचं कॅबिनेट, टीव्हीखाली जुना घेतलेला रिसीव्हर आणि त्याला जोडलेले वडिलांच्या वेळचे सोनोडाइनचे स्पीकर. ते कलकत्त्याहून आलेलं धूड आई दरवर्षी भंगारात काढायला निघते आणि मी दरवर्षी वाचवतो. बाकी सगळं दहा वर्षांत थोडं थोडं जमवलेलं. एकच उणीव होती. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पीसीत गेमची चित्रं उमटवणारा भाग, २०१६चं होतं, जीटीएक्स १०६०.

२०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, शस्त्रपूजेत कॅबिनेटला झेंडूची माळ घातली, कीबोर्डावर हळदकुंकू वाहिलं, खोलीतले दिवे मालवून नुसती निळी-जांभळी रोषणाई ठेवली आणि फोटो टाकला. ३१२ लाइक. आयुष्यात पहिल्यांदा. रात्री एक वाजेपर्यंत मी प्रत्येकाला "धन्यवाद दादा" लिहीत बसलो होतो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

आणि त्याच फोटोत काचेतून माझं कार्ड दिसत होतं. पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायवरचा ६५० वॅटचा आकडा दिसत होता. टेबलावर काय काय आहे तेही दिसत होतं. म्हणजे या माणसाला हौस आहे, बऱ्यापैकी पैसे आहेत, आणि याला नेमकं काय हवंय, हे सगळं मीच हार घालून मांडून ठेवलं होतं. हौस असेल तर फोटो समोरून काढा. काचेची बाजू भिंतीकडे असू द्या.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. शुद्ध मराठीत. "दादा, माळ भारी. पण या सेटअपला १०६० शोभत नाही हो." मूळचा साताऱ्याचा, हैदराबादला नोकरी, डिसेंबरात जर्मनीला चाललोय, सगळं विकतोय, आरटीएक्स ३०८० आहे (माझ्यापेक्षा कितीतरी तगडं कार्ड), ३१,००० ला देईन. त्या वेळी जुनं ३०८० पस्तीसच्या खाली मला कुठे दिसत नव्हतं. म्हणजे भाव स्वस्त, पण संशय येईल इतकाही स्वस्त नाही. हे लोक भाव लावतात तो असा. निम्म्या किमतीत देणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतो आता?

मी लगेच हो म्हटलं नाही. उलट त्यानंच मला थांबवलं! म्हणाला, "तुमचा साडेसहाशेचा पॉवर सप्लाय आहे, ३०८० ला साडेसातशेचा सांगतात. कार्डच ३२० वॅट खातं. आधी तो बदला, नाहीतर माझं कार्ड घेऊ नका, उगाच मला शिव्या द्याल." आता मला सांगा, ज्याला फसवायचंय तो असं बोलतो का? बोलतो. मला ठाऊक नव्हतं. २० ऑक्टोबरला मी बुधवार पेठेत जाऊन ७५० वॅटचा पॉवर सप्लाय आणला, ६,२०० रुपये, पक्क्या पावतीसकट. त्याला फोटो पाठवला तर म्हणे, "आता कसं!"

मग माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. मायनिंगला, म्हणजे आभासी चलन कमवायला, वापरलेलं नाही ना? कारण १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस भाजलेली कार्डं ढिगानं बाजारात आली, हे मला माहीत आहे. उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड बदललेत का? मेमरीचं तापमान किती जातं? या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी तापते, म्हणून हे विचारलं. त्यानं स्क्रीनशॉट पाठवला, ९४ अंश. वर प्रामाणिकपणे म्हणाला, "थोडं जास्तच आहे दादा, पॅड बदलून घ्या." मी खूश. दोष कबूल करणारा विक्रेता! कार्डाची मी सोळा प्रश्नांची तपासणी केली. माणसाची एकही नाही. त्याचं पूर्ण नावसुद्धा विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं एखादं सांगितलंच असतं.

आता चिठ्ठीचा फोटो. जुन्या मालाच्या व्यवहारात रिवाज आहे, वस्तूशेजारी कागदावर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून फोटो मागायचा. मी मागितला. दहा मिनिटांत आला. त्याचं टेबल, टेबलावर कार्ड, कार्डाशेजारी चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं नाव आणि "२३ ऑक्टोबर". मागे भिंत, दोन मॉनिटर, पुस्तकांच्या कपाटाइतके उंच स्पीकर. तो फोटो मी कमीत कमी वीस वेळा पाहिला असेल. झूम करून पाहिला. काय पाहिलं? स्पीकर पाहिले. दिवे कुठे चिकटवलेत ते पाहिलं. वायरी कशा दडवल्यात ते पाहिलं, कारण मलाही तशाच दडवायच्या होत्या! बायकोला बोलावून दाखवलं, "बघ, लोक कसं नीटनेटकं ठेवतात."

आणि टेबलाच्या मागे, बरोबर मध्ये, भिंतीत सॉकेट होतं. दोन उभ्या चिरा, खाली एक भोक. शेजारी बटण नाही. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात आणि शेजारी बटण असतं, हे पहिलीतलं पोरगं सांगेल. असलं सॉकेट अमेरिकेत असतं. हैदराबादच्या फ्लॅटमध्ये अमेरिकेचं सॉकेट! दोन डोळे आणि वासलेलं तोंड, असं ते दिसतं. वीस वेळा ते माझ्याकडे तोंड वासून बघत होतं आणि मी वायरी बघत होतो. कुणा परक्याचा फोटो उचललेला, चिठ्ठी वरून चिकटवलेली. नंतर पाहिलं तर चिठ्ठीला सावलीसुद्धा नव्हती. कार्डाची सावली डावीकडे, चिठ्ठीची कुठेच नाही. सतरा वर्षं क्वालिटीला.

रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे नाही, त्या सॉकेटमुळे.

चिठ्ठीचे दिवस संपले, समजून घ्या. व्हिडिओ कॉल करा. कॉलवर त्याला खोलीतला दिवा लावायला-बंद करायला सांगा, कार्ड उलटं करून सीरियल नंबर वाचायला सांगा. "नेटवर्क नाही" म्हणाला की विषय संपला. मलाही तो तेच म्हणाला होता.

पैसे असे गेले. २४ ऑक्टोबरला टोकन १,०००. २६ ला पॅकिंगचा व्हिडिओ आला, त्यावर १५,०००. २८ ला, वसुबारसेच्या दिवशी, कुरिअरची पावती आली, त्यावर उरलेले १५,०००. ३० ला कुरिअरच्या "ऑफिसातून" फोन. महाग इलेक्ट्रॉनिक माल आहे, विमा भरायचाय, ४,६५०, डिलिव्हरीच्या वेळी परत मिळतील. भरले. यूपीआयवर नाव आलं ते कुठल्याशा किराणा दुकानाचं. मी विचारलं होतं! तो म्हणाला, परदेशी जातोय म्हणून माझं खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं खातं) करायला टाकलंय, हे भावजींचं आहे. परदेशी जाणाऱ्याला खातं बदलावं लागतं ही गोष्ट खरी आहे, म्हणून मला पटलं. खऱ्यात खोटं कालवलं होतं, दुधात पाणी कालवावं तसं. नाव जुळलं नाही की पिन टाकू नका, मग भावजी असोत नाहीतर सासरे. आणि पावतीवरचा नंबर त्यानं दिलेल्या लिंकवर बघायचा नाही, कुरिअरच्या साइटवर आपल्या हातानं टाकून बघायचा. मी लिंकवर बघितला. "हैदराबादहून निघाले" असं हिरव्या अक्षरांत आलं.

नरक चतुर्दशीला पुन्हा फोन, आता ९,३०० भरा. तिथे मात्र मी थांबलो. लक्ष्मीपूजनाला त्याचा फोन बंद. तरीही मी म्हणत होतो, दिवाळी आहे, माणूस गावी गेला असेल.

भाऊबीजेला बहीण आली, सोबत पंधरा वर्षांचा भाचा. त्याला कौतुकानं चिठ्ठीचा फोटो दाखवला. दहा सेकंद. "मामा, हा प्लग अमेरिकेतला आहे ना?" ताई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. मी तसाच पाटावर बसलो, ओवाळून घेतलं, ओवाळणी टाकली. काय बोलणार?

रात्री १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. शेवटचे पैसे जाऊन चार दिवस झाले होते. हा उशीर माझा. तुम्ही लाजेत चार तासही घालवू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळतात आणि पळायच्या आत कुणी ते अडवले तरच काही उरतं. आधी १९३०, मग बायको.

पण पुढचं जे झालं ते माझ्या चुकीत बसत नाही. सोमवारी सकाळी चौकीत गेलो. "काय गेलं?" "साहेब, ग्राफिक्स कार्ड." "क्रेडिट का डेबिट?" मी समजावलं. "पस्तीस हजारांचं कार्ड? कशाला लागतं?" आता तिथे मी काय सांगू? म्हटलं, कामाला. "काय काम?" शेवटी गेमचं नाव निघालंच. "वय किती तुमचं?" एक्केचाळीस. शेजारच्या बाकावर पाकीटमारीची तक्रार घेऊन आलेला माणूसही हसला. ऑनलाइन आहे ना, सायबरला जा म्हणाले. सायबरला गेलो, रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण प्रिंटर बंद. माझ्या बँकेचं स्टेटमेंट मीच बाहेर झेरॉक्सवाल्याकडे छापून आणलं, १४ पानं, ७० रुपये. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी घरून वाचून गेलो होतो. ते सांगितल्यावर अंमलदार म्हणाले, "वकील आहात का?" अर्ज घेतला, पोच दिली. एफआयआर नाही. चार वेळा गेलो, दोन रजा गेल्या, आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला कार्ड म्हणजे काय इथून सुरुवात. पाचव्यांदा जायचं बळ राहिलं नाही. तेच त्यांना हवं असतं की काय, देव जाणे.

बँकेचं वेगळंच. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीनं. अनधिकृत ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे सांगणारं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या मॅडमनी त्यातल्याच "अनधिकृत" शब्दावर बोट ठेवलं. बरोबर आहे त्यांचं, पण बसा तरी म्हणायचं. महिन्यानं कळलं, समोरच्या खात्यात २१२ रुपये गोठवलेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल म्हणे. २१२ रुपयांसाठी कोर्ट.

आणि आता जे सांगतोय ते घरी कुणाला माहीत नाही. तक्रार केल्यावर मी चिडून सगळीकडे लिहिलं, तेव्हा एकानं संपर्क केला. सायबर तज्ज्ञ, खातं शोधून देतो, फी २,९९९. दिली. हो, दिली. पैसे काढून देणारा फीवाला कुणी नसतो, तो त्याच टोळीतला असतो किंवा तिचा शेजारी. एकदा फसलेल्यांची नावं पुढे विकली जातात, अशी आता माझी खात्री आहे. तेव्हा १,००० अधिक १५,००० अधिक १५,००० अधिक ४,६५० अधिक २,९९९, एकूण ३८,६४९. वैशाली, वाचत असशील तर संध्याकाळी बोलू.

जुनं कार्ड घ्यायचंच असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, नाहीतर ओळखीच्याकडून घ्या. आपल्या मशीनला लावून अर्धा तास पळवून बघा, मगच पैसे द्या. प्रवासाचे चारशे वाचवायला मी काय घालवलं ते वर लिहिलंय.

पॉवर सप्लायचे ६,२०० मी यात धरले नाहीत, कारण ती वस्तू खरी आहे, पावती आहे, पाच वर्षांची वॉरंटी आहे. ७५० वॅटचा तो पॉवर सप्लाय आता १२० वॅटच्या जुन्या १०६० ला वीज पुरवतो. हलक्या कामात पंखा बंद ठेवायची सोय आहे त्याला. गेले तीन महिने तो पंखा एकदाही फिरलेला नाही.